सपनाचे तास

१३ जुलै, रविवार
आजपासून ड्रोनचं रेकॉर्ड माझ्याकडे. फवारणीच्या ड्रोनचं लायसन आम्हा नवरा-बायको दोघांकडे आहे, पण उडवते सपना. ट्रेनिंगमध्ये मी एकदा बाभळीत घातला होता. वारा होता. तसंही घरात एक माणूस ऑफिसच्या कामाचा पाहिजेच. नियम ठरवला : रोज वहीत नोंद, त्याच दिवशी लॅपटॉपवर. दोन्ही जुळलंच पाहिजे.

१४ जुलै
नोंद उद्या.

२ ऑगस्ट
मागचं सगळं एका बैठकीत भरलं. आमच्या आसेगावची शेतं मले तोंडपाठ आहेत. मिनिटं काही आठवली नाहीत, एकर आठवले. वेळेच्या रकान्यात तेच टाकले. लॅपटॉप म्हणते, बुधवारी सव्वीस तास उड्डाण झालं. त्याले शेतीतलं काय कळते! शेवटी एकरामागं सात मिनिटं धरून सुधारलं.

९ ऑगस्ट
फाइलमध्ये पायलटच्या नावाचा रकाना रिकामाच राहिला होता. पहिल्या ओळीत नमुना म्हणून माझं नाव होतं, तेच माऊसनं खालपर्यंत ओढलं. मग बदलू. टोटल पाहिली. विनोद, बासष्ट तास. बरं वाटलं.

१० ऑगस्ट
बदलायलाच बसलो होतो. तेवढ्यात शेजारचा देवानंद आला. स्क्रीन पाहून म्हणाला, तू तर कॅप्टन झाला लेका. आता त्याच्यासमोर कसं बदलणार?

२४ ऑगस्ट
रिसोडच्या एका ट्रेनिंग सेंटरले ड्रोन शिकवणारा पाहिजे. एकच जागा, पक्का पगार. पन्नास तासांचं रेकॉर्ड लागते, वही आणि फाइल दोन्ही. सपना दिवसभर गुणगुणत होती. माझे तास भरतात ना, असं तिनं दोनदा विचारलं. मी म्हटलं, आरामात. आणि लॅपटॉप मिटून ठेवला. लाईटचा काही भरवसा नाही.

२९ ऑगस्ट
वहीत अजून कोणाचंच नाव नव्हतं. तिचं टाकलं तर फाइलशी जुळत नाही. फाइल बदलावी, तर लाईट गेलेली आणि लॅपटॉपची बॅटरीही उतरलेली. मग वहीच भरली. विनोद, विनोद, विनोद. पाच पानं. आई कौतुकानं म्हणाली, पोरगा कसा मन लावून लिहून राह्यला. मले मान वर करता आली नाही.

३० ऑगस्ट
लाईट आली. पण वहीत खाडाखोड चालत नाही, पहिल्याच पानावर छापलं आहे. माझ्या हातात काय राहिलं? सपना फवारणीवरून आली, मान उन्हानं काळी पडलेली. म्हणाली, तुमी लिहिता म्हणून मी निवांत उडवते. जेवताना मले एकच भाकर गेली. मग अजून एक.

५ सप्टेंबर
दोघांचेही अर्ज पाठवले. तिले सांगणारच होतो. पण ती इंटरव्ह्यूच्या साडीले इस्त्री करून राह्यली होती.

१२ सप्टेंबर
सेंटरचा फोन. सपनाच्या नावावर एकही तास नाही म्हणे. निवड माझी. सोमवारी उडवून दाखवायचं. तास खरे आहेत अशी सही मात्र पाहिजे, शेतात हजर असलेल्या दुसऱ्या पायलटची. दुसरा पायलट घरातच आहे. मी नालायक माणूस आहे. पण एवढं मोठ्यानं बोलायची काही गरज नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार
सकाळी सहीचा कागद आणि वही तिच्यापुढं ठेवली. सगळं सांगायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं एवढंच, की कॉम्प्युटरची चूक आहे. तिनं एकेक पान पाहिलं. कोणत्या दिवशी कोणाचं शेत, सगळं बरोबर होतं. मग सही केली. कोणाच्या का नावानं होईना, घरात पगार तर येईल म्हणाली. भांडली असती तर बरं झालं असतं.

सोमवारचा विचार करून मी हळूच म्हटलं, जरा ड्रोन उतरवायचं दाखवून देतेस का?

"देते ना," ती म्हणाली. "पन ते तास कोनाच्या नावावर लिहान?"

ती बॅटऱ्या घेऊन निघाली. मी पाण्याच्या कॅन उचलल्या आणि मागं मागं गेलो.