शेजारची पेशी

३ नोव्हें., सोम.
आज जे दिसलं ते खरं असेल तर... नायटेलाच्या जोडून असलेल्या दोन पेशी. हे शेवाळ घेतलं तेच त्यासाठी, एकेक पेशी बोटाच्या पेराएवढी, नुसत्या डोळ्यांनी दिसते. एक कापली. शेजारच्या पेशीला हातही लावला नाही, तरी तिच्या आत फिरणारं पेशीद्रव्य खटकन थांबलं. शेजारची कापली की ते थांबतंच, पण काही मिनिटांत पुन्हा वाहू लागतं. ही पेशी मात्र मी जेवून आले तरी ठप्प. संध्याकाळी कुठे जरा हललं.
मॅडमना सांगितलं. माझ्या पीएचडीच्या गाईड आहेत, शंका घेणं त्यांचं कामच. म्हणाल्या, "कात्री तिलाही लागली असणार."
नाही लागली. बहुतेक.

४ नोव्हें.
पुन्हा केलं. आजची लगेच वाहू लागली. चिडचिड. आईवर उगाच ओरडले.

६ नोव्हें.
दिंडोरीहून मामांचा फोन. माझं सगळं शेवाळ त्यांच्याच शेततळ्यातलं.
"पोरी, ड्रिपचे फिल्टर लय चोक होत्यात. उद्या तळ्यात मोरचूद टाकून शेवाळ मारतो."
"मामा, महिनाभर थांबा ना."
"द्राक्षाचे घड फुलोऱ्यात हायेत. पाणी नाय गेलं तर वर्ष जाईल माझं."
त्यांचं चूक नाही. म्हणूनच भांडता येईना.

७ नोव्हें.
पहिल्या बसने गेले. मामा मोरचुदाची पिशवी बांधावर ठेवून वाट बघत बसलेले. मी पोचल्यावर स्वतःच दाताळ्याने शेवाळ ओढून काढलं. "अजून पाहिजे का? ने, लागंल तेवढं ने."
मामी बादलीत डोकावल्या. "एवढं शिकून हेच का गं?"
बादल्या उचलल्या आणि हसले.
निघताना मामा मोरचुदाची पिशवी सोडत होते, मागे पाहिलं नाही.

१० नोव्हें.
बादल्यांना वास मारतोय. बहुतेक पेशी पांढऱ्या, लुळ्या पडल्या. पाणी बदललं, सावलीत ठेवलं, तरी. उभी राहते, बसते, परत जाऊन बघते.

११ नोव्हें.
धड जोडी एकच उरली. जपली तर कदाचित फुटवे येतील, पण कधी? कापली तर सोमवारचं खरं होतं का याचं उत्तर मिळेल, आणि मग कापायला काही उरणार नाही. मॅडमना विचारलं.
"मी सांगणार नाही. कापणार असशील तर मला बोलाव. मी बघते."

१२ नोव्हें., दुपार
कापली. मॅडम शेजारीच उभ्या होत्या, वाकून, डोळे माझ्या हातावर. कात्री कापायच्या पेशीवरच टेकवली, पलीकडे जाऊ दिली नाही.
"नाही लागली," त्या म्हणाल्या. "मी बघत होते."
मग मायक्रोस्कोपच्या आयपीसला डोळा लावला. शेजारच्या पेशीतलं द्रव्य थांबलेलं.
मॅडमचं लेक्चर होतं, गेल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्यात. एकदा त्या बघतात, एकदा मी. पेशी अजून हिरवी, ताठ आहे, म्हणजे मेलेली नसावी.
चहा आला, गार झाला; ती काही मिनिटं केव्हाच उलटली. आत्ता पुन्हा पाहिलं. काही हलत नाही. मॅडम म्हणतात, "सरक, मला बघू दे."