नवं पातेलं

टेगन,

मी शेडवर चाललोय. लोकर कापणारे सातला येतील.

तू मांस खात नाहीस हे माहीत असूनही परवाच्या मसुरात मेंढीची चरबी मीच घातली होती. शनिवारी तू कुरणात चक्कर येऊन पडलीस. मला वाटलं, नुसत्या डाळीने पोरीच्या अंगात कुठून ताकद येणार? ताट सारून उठलीस ते बरोबरच केलंस.

रक्ताचा रिपोर्ट आलाय, लोह कमी आहे. नर्सने मलाच झापलं. मसूर चांगलाच, म्हणाली. पालकावर लिंबू पिळायचं आणि जेवणावर लगेच चहा घ्यायचा नाही. गोळ्या खिडकीत आहेत.

मसूर पुन्हा शिजवलाय. बस पकडायच्या आधी जेवून घे. पातेलं नवीन आहे. तुझा विश्वास बसणार नाही, म्हणून झाकणावरचं लेबल काढलेलं नाही.

बाबा