खट न वाजणारं बटण

कोहका, भिलाई
दसऱ्याचा दुसरा दिवस

साळेबुवा प्रशांतराव यांस,

कोहक्याहून तुमच्या एकुलत्या एक भाऊजींचा नमस्कार पोचावा. पोस्टाचं पाकीट पाहून दचकू नका, इकडे सगळे जिवंत आहेत. तुमचा गुडघा कसा आहे? शिल्पावहिनींनी आणलेलं तेल लावता, की नुसती बाटली उशाशी घेऊन झोपता? आमची साधना ठणठणीत आहे (शरीराने; बाकीचं पुढे येतंच आहे). फोन का केला नाही म्हणाल, तर आमच्या घरात फोन स्पीकरवर टाकूनच बोलायचा कायदा आहे. आणि मेसेज पाठवावा, तर तुमचा चष्मा कधीच सापडत नसल्यामुळे तो वहिनी मोठ्यांदा वाचतात. म्हणून निवृत्तीनंतर पहिल्यांदा पेन हातात घेतलं आहे. अक्षर हललेलं दिसेल. मीच अजून हललेला आहे.

तर दसऱ्याच्या साफसफाईत आमच्या टीव्हीखालच्या त्या व्हिडिओ गेमवर समई पडली. समई कोणाच्या हातून पडली, याची चौकशी चालू आहे (त्या वेळी स्टुलावर मी एकटाच होतो, एवढंच तूर्त निष्पन्न झालं आहे). गेमला काही झालं नाही. कॅसेटलाही नाही. पण मशीन आणि कॅसेट यांच्या मध्ये जो काळा डबा खोचलेला असतो, त्याचं छोटं बटण तुटून सोफ्याखाली गेलं. मी म्हटलं, एवढंच ना. तर साधना मटकन खाली बसली आणि डोळ्यांना पदर लावला. आमच्या लग्नातली शाई सांडलेली पैठणी पाहूनसुद्धा ही बाई रडली नव्हती.

आता तो काळा डबा काय आहे, हे तुम्हाला ठाऊक असेल. मला नव्हतं. मी आयुष्यभर कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स केलं, आणि त्या डब्याला इतकी वर्षं स्टॅबिलायझर समजत आलो. व्होल्टेज वरखाली झालं तर गेममधलं विमान नदीत पडू नये म्हणून बसवलाय, असं मी पाहुण्यांनाही समजावून सांगितलेलं आहे. साधनाने नाक पुसत खरं सांगितलं. तो चीटचा डबा आहे. बटण वर केलं की खेळणाऱ्याचे जीव कमी होत नाहीत, विमान कितीही वेळा पुलावर आदळो. बटण खाली केलं की आपल्यासारख्या सामान्य माणसाचं मरण. आणि भाऊबीजेच्या गेममध्ये स्वतःची पाळी आली की ही पदराखालून अंगठ्याने बटण वर करते, आणि तुमची पाळी आली की खाली.

प्रशांतराव, मी थिजलो. जिने आयुष्यात कधी भाजीवाल्याकडून फुकटची कोथिंबीर घेतली नाही, ती सख्ख्या भावाला, ओवाळल्यानंतर अर्ध्या तासात, माझ्यासमोर फसवते? आणि मी शेजारी करंजी खात तिच्या हातातल्या कलेचं कौतुक करतो? सासूबाई गेल्यावर भाऊबीज नागपूरला व्हावी की भिलाईला, यावरून तुम्हा भावंडांचं केवढं वाजलं होतं. तेव्हा तुम्हीच तोडगा काढलात, की लहानपणीचा गेम खेळायचा, जो हरेल त्याने पुढच्या वर्षी पाहुणा म्हणून यायचं. तेव्हापासून दरवर्षी तुम्ही हरता आणि दरवर्षी दुर्ग स्टेशनवर चिवड्याचा डबा घेऊन उतरता. मला वाटायचं, काय ही माझी बायको, काय तिची नजर.

आणि यंदा तुम्ही फोनवर म्हणालात, गुडघा आता प्रवासाचं नाव काढू देत नाही, यंदा जिंकतोच आणि सुटतो, पुढच्या वर्षापासून ओवाळणी मोबाइलवर. तुम्ही हसत म्हणालात. इकडे स्पीकर चालू होता. साधनाने फोन ठेवला आणि तेव्हापासून आमच्याकडे रोज दोडक्याची भाजी आहे. बाकी सगळं सहन होतं, पण मला माझ्या घरात ही शांतता सहन होत नाही. म्हणून म्हटलं, काय वाटेल ते होवो, हा डबा दुरुस्त झालाच पाहिजे.

दुरुस्ती आमच्या शिस्तीने केली. आधी शटडाऊन घेतला, म्हणजे घराचं मेन बंद केलं (फ्रिजमधलं दही त्यात गेलं). टीव्हीला ‘काम चालू आहे’ची लाल पाटी अडकवली, तिच्यावर सही केली, हेल्मेट मात्र सापडलं नाही. मग चष्म्यावर भिंग धरून डबा उघडला, आणि दुसरा धक्का बसला. बटणाची वायर आतून कापलेली. समईने तुटलेली नव्हे. कापलेली, सरळ, पक्कडीने. दोन्ही टोकांना काळी टेप, आणि टेपवर साचलेली धूळ इतकी जुनी की तिला पेन्शन मिळाली असती. टेप उलट्या हाताने गुंडाळलेली होती. आपल्या नात्यात डावखुरा एकच माणूस आहे, आणि तो सध्या हे पत्र वाचतो आहे. मला आठवलं, मागे एकदा तुम्ही ‘ताई, कॅसेट साफ करून देतो’ म्हणून हे सगळं घेऊन गच्चीवर गेला होतात.

म्हणजे डबा कित्येक वर्षं मेलेला. बटण वर काय आणि खाली काय, सारखंच. साधना मेलेल्या डब्यावर चीटिंग करते आहे, आणि तुम्ही सगळं जाणून दरवर्षी विमान नेऊन पुलावर आपटता आहात. तेही चेहऱ्यावर इतकं दुःख आणून, की मी दोनदा तुम्हाला लिंबू सरबत करून दिलेलं आहे. माझा आता कोणावरच विश्वास राहिलेला नाही. (तिला कोपऱ्यातला जिवांचा आकडा घटताना दिसत नसेल का, असं विचाराल, तर भावासमोर म्हातारी दिसू नये म्हणून ती त्या दिवशी चष्मा लावत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच.)

साधनाला मी यातलं काही सांगितलं नाही. पण हाडाच्या मेंटेनन्सवाल्याला मेलेली वस्तू बघवत नाही. बटण मोडलं की आमच्या शिफ्टमध्ये एकच मंत्र होता, नवं येईपर्यंत डायरेक्ट मारा. मी बटणाचा उरलेला बुडखाच काढून टाकला, दोन्ही वायरी एकमेकींना जोडल्या, भोकावर पत्र्याची सुंदर पट्टी चिकटवली आणि मेन चालू केलं. प्रशांतराव, मी मेलोच नाही. जो मी आजवर पहिल्या पुलाच्या पुढे गेलो नव्हतो, तो मी पुलांवर, बोटींवर, किनाऱ्यावरच्या झाडांवर आदळत नदीच्या अशा भागात पोचलो जिथे पाणी जांभळं आहे. साधनाला हाक मारली. म्हटलं, बघ, आता बटणाची कटकटच नाही, डबा कायमचा चालू. वाटलं, दोडका संपला.

ती पट्टीवरून बोट फिरवत बसली. मग म्हणाली, “अन् खट कुठं गेली?”

मी म्हटलं, कसली खट?

“बटणाची. वर केलं का खट वाजे ना. तुमाले कोणं सांगतलं होतं डायरेक्ट माराले? मले खट पाहिजे.”

मला वाटलं, बरोबर आहे. कायम चालू म्हणजे तुम्हीही अमर, दोघंही मरणार नाहीत आणि भाऊबीज तुळशीच्या लग्नापर्यंत चालेल. म्हणून सुपेल्याच्या बाजारात गेलो. बाबुलालच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात डबा दाखवला, तर तो म्हणाला, “अंकल, ये सब अब मोबाइल में फ्री आता है,” आणि मला गिझरचं बटण दाखवू लागला. शेवटी एक नाजूक, गुळगुळीत, महागातलं बटण मिळालं. साधनाने ते कानाशी धरलं, नारळ घेताना धरते तसं, वर-खाली केलं आणि परत माझ्या हातात दिलं. आवाज नाही म्हणे. काम होतं ना, म्हटलं. तर म्हणाली, “काम कोणाले पाहिजे?” मी ते महागातलं बटण खिशात टाकलं.

असो. वायर मी पुन्हा कापून, तुमच्याच पद्धतीने डावीकडून टेप मारून ठेवली आहे. तुमचं गुपित माझ्याकडे सुरक्षित आहे. पाकीट गोंद लावून बंद करतो आणि साधना सुपेल्याला जाते आहे तिच्याच हाती पोस्टात टाकायला देतो, म्हणजे तिला संशय येणार नाही. वहिनींना नमस्कार.

तुमचा हादरलेला भाऊजी,
शामसुंदर

ता. क. – खरं काम राहिलंच. नागपुरात जुन्या रेडिओंच्या सामानात खट वाजणारं छोटं बटण मिळालं तर घेऊन या. चांगलं खणखणीत वाजलं पाहिजे. का, ते मला विचारू नका.

ता. क. दुसरा – आणि यंदाही हराच. तेलाचा खर्च माझा. दोडका आता खाववत नाही.

ता. क. तिसरा (हे अक्षर माझं, साधनाचं) –
प्रशांत, यांचा गोंद वाफेवर लगेच सुटते. सारं वाचलं. डबा बंद हाय हे मले तू गच्चीवरून खाली आला त्याच वर्षी समजलं होतं. चष्मा नसला तरी तीनाचे दोन झालेले दिसतेत मले. पण मी बटण दाबलं, खट वाजली, का तू लगेच पुलावर आदळे. मंग मी दरवर्षी दाबत राहिली. खट नाई वाजली तर तुले कसं समजन का ताईले तू पुढच्या वर्षी बी पाहिजे? म्हणून मले खट पाहिजे होती. यांना नको सांगू, यांना वाटू दे गुपित यांच्यापाशी हाय. अन् यंदा तुले खरंच जिंकायचं असन तर जिंक बापा, मी काही म्हणत नाई. पण जिंकाले बी इथंच यावं लागन.