ब्रेकवरचा पाय

प्रिय हॉर्नबाई,

आधी खाली बस. उभ्या उभ्या वाचू नकोस. आणि घाबरू नकोस, वाईट काही नाही. उलट इतकं चांगलं आहे की सकाळपासून माझे पाय जमिनीवर ठरत नाहीयेत. अक्षर तर बघतेच आहेस, नुसते कोंबडीचे पाय. हे पत्र ज्यानं आणून दिलं त्या ड्रायव्हरला पाणी तरी विचार. तो काकांचाच शिष्य, तुझ्या बाबांकडेच गाडी शिकलेला, आता तुमच्या शहराच्या बसवर असतो. मास्तरांचं काम आहे म्हटल्यावर स्टँडवरून थेट तुझ्या दारात जाईन म्हणाला.

तू म्हणशील, फोन आहे की. अगं, केले की ढीगभर! हॉस्पिटलचा नंबर दिसला की तू उचलत नाहीस, आणि माझा दिसला तरी नाही. राग नाही गं मला. फोन वाजला की तो उशीखाली सरकवणारी माणसं मी रोज बघते. तुझ्या आत्याला सांगायला गेले तर ती माझ्यावरच उखडली, पोरीला उगाच आशेला लावू नकोस म्हणाली. परवा मोठ्या डॉक्टरांबरोबर मीटिंग आहे आणि तिथे तू काय सांगणार आहेस तेही तिच्याकडूनच कळलं. मशिन काढा, बाबांचे हाल थांबवा, असं. त्यावर मी आत्ता एक अक्षर बोलत नाही. आधी काय झालं ते ऐक.

मी आयसीयूत लागले तेव्हा आमच्या इनचार्ज बाईंनी एकच गोष्ट बजावली होती. पेशंट बेशुद्ध असो नाहीतर अर्धवट शुद्धीत, सांगितल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. खांद्यावर हात ठेवायचा, हाक मारायची, आपण कोण ते सांगायचं, आज वार कुठला, बाहेर ऊन आहे की ढग, आणि आपण आता तोंड पुसणार आहोत की सुई टोचणार आहोत. नवीन मुली लाजतात. समोरून हूं नाही की चूं नाही, बोलायचं तरी किती? मला मात्र कधी जड गेलं नाही. माझी टकळी तुला माहीत आहे. काकांना तर मी रोजची वाहतूक सांगते. शाळेसमोरचा सिग्नल परत बंद पडलाय, पुलाखाली टँकर अडकला आणि मागे तीन बसवाले एकमेकांच्या आया-बहिणी काढत होते, सगळं. शेजारच्या बेडची सिस्टर म्हणते, तू ऑक्सिजनच्या नळीशीसुद्धा गप्पा मारशील.

तू आलीस तेव्हा मी पडद्याच्या बाहेरच उभी होते. तू त्यांचा हात धरून विनवत होतीस, बाबा दाबा ना, एकदाच दाबा. मग बाहेर येऊन म्हणालीस, ते इथे नाहीत, तुम्ही मशिनशी बोलताय. मी आपली तुझी पाठ चोळत राहिले. अगं, तू धरला होतास तो डावा हात! मेंदूतल्या रक्तस्रावानं डावी बाजू गेलीय, आणि उजवा हात पडताना मोडला, तो पार बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये. दाबायचं म्हटलं तर दाबणार कशानं? डॉक्टर डोळे मिटा म्हणायचे, तर पापण्या आपल्या मर्जीनं हलायच्या, त्यावरून काही ठरवता येत नव्हतं. पायाला चिमटा काढला की पाय ओढला जायचा, पण तो आपोआपही ओढला जातो. कुणाचं चुकलं असं नाही. काका उत्तर देत असतील तर ते कुठून देतायत, हेच आम्हाला कळत नव्हतं.

आता गाडी शिकायचे दिवस आठव. मागच्या सीटवर तू, तोंडानं पँ पँ करत, म्हणून तुझं नाव हॉर्न. आणि मी उजवी, कारण काका डावीकडे घे म्हणाले की मी हमखास उजवीकडे घ्यायची. त्या शिकवायच्या गाडीत त्यांच्या पायाखाली वेगळा ब्रेक होता. मी चुकले की ते कधी ओरडले नाहीत. नुसता उजवा पाय, धप्प! आपली डोकी पुढे, आणि काका खिडकीबाहेर बघत शांतपणे म्हणायचे, डावं म्हणजे घड्याळाचा हात, बाई. लायसन्सच्या परीक्षेत मी दोनदा आपटले. डावं-उजवं मला अजूनही पटकन सांगता येत नाही, घरात सगळे हसतात.

तर काल दुपारी त्यांना कूस बदलून द्यायची होती. पाठीला जखम होऊ नये म्हणून ती सारखी बदलावी लागते. मी आणि बुटकी सिस्टर, दोघी. मी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, काका, मी उजवी, आता तुम्हाला डावीकडे वळवते हं. आणि खुशाल उजवीकडे ओढायला लागले! पावलं लोंबू नयेत म्हणून आम्ही पायांशी एक फळी उभी करतो. त्या फळीवर काकांचा उजवा पाय आला. धप्प!

आणि मी काय केलं असेन? सवयीनं म्हणाले, सॉरी काका, चुकले. म्हणाले आणि मग सर्रकन काटा आला अंगावर. मी तशीच उभी, हातात चादर. बुटकी विचारतेय काय झालं, आणि मला बोलताच येईना. मला! कल्पना कर.

आनंदाच्या भरात मी वेडी झाले असेन असं इनचार्ज बाईंना वाटलं, आणि त्यांचं बरोबरच होतं. त्या म्हणाल्या, एकदा झालं म्हणजे योगायोग. मग त्या स्वतः पायाशी येऊन उभ्या राहिल्या. मी उजवीकडे म्हणाले आणि उजवीकडे वळवलं, तर पाय गप्प. थोड्या वेळानं मुद्दाम डावीकडे म्हणून उजवीकडे वळवायला गेले, धप्प! आयुष्यात पहिल्यांदा मी ठरवून चुकले गं, आणि तेही जमलं. बाईंनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि म्हणाल्या, उद्या डॉक्टर आले की त्यांच्यासमोर. तोवर कुणाला बोलायचं नाही. रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा नाही.

आज सकाळी बाईंनीच काकांना सांगितलं, मास्तर, नाही म्हणायचं असेल तर एकदा दाबा, हो असेल तर दोनदा. डॉक्टरांनी विचारलं, तुम्ही बँकेत होता ना? आणि सगळे थांबलो. खरी मेख इथेच आहे बघ. आम्ही प्रश्न विचारतो आणि उत्तर यायच्या आत पुढचं बोलतो, आणि या माणसांना उत्तर बाहेर काढायला वेळ लागतो. डॉक्टर दुसरा प्रश्न विचारणार तेवढ्यात बाईंनी त्यांना हातानंच थांबवलं. लाल सिग्नलला थांबावं तसे आम्ही सगळे त्या एका पायाकडे बघत उभे. आणि आला पाय. एकदा. मग विचारलं, गाडी शिकवायचात? परत वाट बघितली. एकदा, आणि मला वाटलं संपलं सगळं, आणि मग दुसऱ्यांदा! डॉक्टर, अगं ते कधी हसत नाहीत, ते मोठ्यानं हसले आयसीयूत. मी रडले. बुटकीही रडली. मग मी आगाऊपणे विचारलं, काका, मी गाडी नीट चालवते ना? लगेच, जराही वेळ न घेता, धप्प! एकदाच!

आता नीट ऐक. ते उद्या उठून बसणार नाहीत. डॉक्टर म्हणाले, पुढे किती सुधारतील सांगता येत नाही, कदाचित फार नाही. ते पटकन थकतात. चार प्रश्न झाले की पाय निजतो, आणि मग कितीही हाका मारा. हे सगळं मी तुला साखरेत घोळून सांगणार नाही. पण ते आहेत गं. तू त्या दिवशी रडलीस तेव्हाही कदाचित होते. परवा काय ठरवायचं ते तुम्ही ठरवा, मी नर्स आहे, त्यात मी पडणार नाही. फक्त आता ते त्यांना न विचारता ठरवू नकोस. आणि आलीस की हात धरून बसू नकोस. पायाशी उभी राहा, काय ते विचार आणि थांब.

हे पत्र लिहायची कल्पनाही माझी नाही. दुपारी मी विचारलं होतं, काका, हॉर्नला बोलावू? वाट बघितली. दोनदा आला पाय, आणि दुसऱ्यांदा इतका जोरात की फळी हलली. म्हणून लिहायला बसले, आणि आत्ता बंद करायच्या आधी ते त्यांच्या कानाशी सगळं वाचून दाखवलं. म्हटलं, काही खटकलं तर दाबा. मी त्यांच्यासमोर माझीच बदनामी वाचली, तुझं रडणं वाचलं, मशिनचंही वाचलं, पाय हलला नाही. मला वाटलं झोपले. शेवटी मी लिहिलं होतं, पत्र मिळताच गाडी काढ आणि सुसाट ये. तेवढ्यावर धप्प! म्हणून ती ओळ खोडलेली दिसेल तुला. सावकाश ये बाई, बापाची ऑर्डर आहे.

तुझीच,
उजवी