टपावरची हवा

३ डिसें. माधवगंज, ग्वाल्हेर
थंडीनं बोटं वळत नाहीत. तरी दिवसभर टोप घासला. तानाजीमामांच्या ट्रकच्या टपावर बसवायचाय, फायबरचा. आजवर आमच्या वर्कशॉपात तिथं सरळ फळी ठोकून मोर रंगवायचे. हवा आधी फळीवर थडकते, मग मागच्या उंच मालावर. इंजिन ढकलत बसतं, डिझेल पितं. टोप गोल पाहिजे. हवा मालाच्या डोक्यावरून घसरून गेली पाहिजे.
वर्कशॉपचे शेठ म्हणाले, "एक ट्रिप चला के देखो. डीज़ल बचा तो तेरे कराड में अपनी ब्रांच. तू संभालना."
कराड! सविता फोनवर म्हणालीच होती, "ग्वाल्हेरला मी यायची न्हाई. हिकडं काय तरी धंदा काढ, मग माझ्या आप्पांशी लग्नाचं बोल."

७ डिसें.
घरमालकीण काकूंकडं लोकर मागितली. "तू स्वेटर बनवतो आहेस?" हसत सुटल्या. लोकरीचे तुकडे टोपावर चिकटवले. बायपासला मामा ट्रक चालवतायत, मी शेजारून, मोटरसायकलवर मागं बसून, मोबाईल बांबूला बांधून शूटिंग. मधली लोकर गप आडवी. कडेची पिसाळल्यागत नाचतीय. म्हणजे कडेला हवा फाटते. कडा परत घासायच्या.
मामा : "सागऱ्या, गाडीला केस आलं की रं!"
रात्री काकू, "फार हवा चालून राहिली आहे, मफलर घाल." इथली मराठी. सविताला ऐकवायला पाहिजे.

१२ डिसें.
कडा जमल्या. लोकर सगळी आडवी. बटाटा भरला, टाकी गळ्यापर्यंत. सवितासाठी मामांकडं गजकचा, इथल्या तीळगुळाच्या वड्यांचा, डबा दिला. तिच्या आप्पांचं चहाचं हॉटेल कराडजवळ हायवेलाच आहे, मामा थांबतातच. म्हटलं, "मामा, खुसखुशीत आहे तोवर पोचवा."
गाडी वळेपर्यंत बघत राहिलो. टोप गावाला चालला. मी इथंच.

१६ डिसें.
सविताचा फोन. गजक काल सकाळीच मिळाली. केबिनच्या पायरीवर चढून टोपावर हात फिरवला म्हणे. "लई गुळगुळीत हाय. तू केल्यागत वाटत न्हाई."
हसलो. मग म्हणाली, "ह्या न्हाई, पुढच्या रविवारी दुपारी साताऱ्याची माणसं मला बघायला येणारेत."
फोन ठेवून कॅलेंडरात बघितलं, २८ तारीख.

२१ डिसें.
मामा गूळ घेऊन परत आले. डिझेल दर खेपेइतकंच. शेठ म्हणाले, "कुछ नहीं बचा, भैया," आणि चहाला गेले.
टोप तपासला. तडा नाही, हालत नाही. मग मामांनाच विचारलं, गाडी कशी वाटली?
"लई हलकी! पाय टेकवला की पळतीय."
"मग किती पळवली?"
"तूच म्हणालास की, खुसखुशीत हाय तोवर! टायमाच्या आदी, येरवाळीच पोचलो."
"आणि येताना?"
"येताना... सवय लागली."
डोकं धरून बसलो. जेवढं जोरात पळवाल तेवढी हवा जास्त आडवी येते. टोपानं वाचवलेलं सगळं माझ्या गजकनं खाल्लं.

२२ डिसें.
शेठना समजावलं. मामांनी पाय हलका ठेवला तर फरक दिसेल, मी शेजारी बसतो.
"ठीक है, जा. आख़िरी बार. उसका पैर पकड़ के बैठ."
मामा : "बायकोनं कधी पाय धरलं न्हाईत, आता ह्यो धरणार."
रेल्वेनं गेलो तर रविवारच्या आधी पोचेन. पण आप्पांनी विचारलं, करतोस काय, तर दाखवू काय?

२५ डिसें. शिवपुरीच्या पुढं, ढाबा
टाकी गळ्यापर्यंत भरून सकाळी निघालो. मामा शब्दाला पक्के. एवढं सावकाश, की एक ट्रॅक्टरवाला हात दाखवून पुढं गेला. ह्या चालीनं रविवारी संध्याकाळ होणार. दाबली तर दुपारच्या आत. पण मग टोप परत खोटा, कराड गेलं.
सविताला फोन केला. म्हटलं, त्या लोकांना एक दिवस थांबव.
"मी कशी थांबवू? तू ये."
मामांचा चहा झाला. गाडी चालू केलीय. खिडकीतून ओरडतायत, "सांग की रं, पाय कसा ठिवू?"
आलो, म्हणालो. पाय कसा, ते केबिनची पायरी चढेपर्यंत ठरवायचंय.