माझ्या पश्चात माझ्या जिवंत पेशींची व्यवस्था

मी, शरदिनी वामन पुणतांबेकर, वय त्रेपन्न, अविवाहित, व्यवसाय पेशीविज्ञान शिकवणे, राहणार ब्रह्मा घाट, वाराणसी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्याच टेबलाशी बसून लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा दाखला आमच्या डॉक्टर विद्युल्लता आपटे यांनी आज सकाळी दिला. त्यासाठी त्यांनी मला शंभरापासून उलटे आकडे म्हणायला लावले. ते म्हणून मी वर त्यांच्याच अक्षरातली औषधांची जुनी चिठ्ठी वाचून दाखवली, तेव्हा त्यांनी मुकाट्याने सही केली. कुणाचे दडपण, आमिष किंवा फूस यांमुळे मी हे लिहीत नाही. असे कुणी केले असते तर बरे वाटले असते. इतकी वर्षे कुणी आमिष दाखवलेले नाही.

हृदयातून निघणारी मोठी धमनी फुगून पातळ झाली आहे. ती बदलण्याची शस्त्रक्रिया लखनौला आहे आणि उद्या सकाळी निघायचे आहे. वाटेतच ती फुटली तर शस्त्रक्रियेचा त्रास वाचेल. बादली उचलू नका, जोराने खोकू नका, संतापू नका, असे मला बजावले आहे. पहिल्या दोन गोष्टी मी पाळते आहे.

कलम १. घर. ब्रह्मा घाटावरच्या घराचा खालचा मजला माझे थोरले बंधू यज्ञेश्वर यांचा आहे, वरचा माझा. माझ्या पश्चात वरचा मजला त्यांची मुलगी, माझी भाची मालविका, हिला मिळावा. नदी दिसते म्हणून कुणी हॉटेलवाला जिना चढून आला तर त्याला आधी गच्चीवरची माकडे दाखवावीत. बहुतेक तिथूनच परत जातो.

कलम २. बँकेत आणि भविष्य निर्वाह निधीत जे काही असेल तेही मालविकेचे.

कलम ३. वस्तू. स्कूटी अन्नपूर्णावहिनींना. त्यांना ती चालवता येत नाही, आणि माझ्या मते आता त्यांनी शिकायला हवे. मोठा प्रेशर कुकरही त्यांचाच आहे, तो परत करावा. विभागातले निर्जंतुकीकरणाचे यंत्र बंद पडले होते तेव्हा मी त्यात पेशींचे खाद्य शिजवले होते. वहिनींनी त्यानंतर त्यातला भात खाल्ला नाही. मी खाल्ला, आणि माझी धमनी त्यामुळे फुगलेली नाही, हे इथे लेखी देते.

कलम ४. वैर. हे मी कुणाला देत नाही, बरोबर नेते. अपवाद प्राध्यापक अनिमेष यांच्याशी असलेल्या वैराचा. ते माझ्याच विभागात आहेत, माझ्याच मजल्यावर बसतात, आणि पुढचे कलम त्यांच्यामुळे लिहावे लागत आहे.

कलम ५. पेशी. माझ्या डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला एक लहानसा व्रण आहे. तिथून कातडीचा तुकडा काढून त्यातल्या पेशी आम्ही प्रयोगशाळेत वाढवल्या. त्या कुपींमध्ये भरून द्रव नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवल्या आहेत. मला त्यांचे काय करायचे आहे ते समजायला भांडण समजले पाहिजे, म्हणून ते सांगते.

पेशीत प्रथिन तयार झाले की ते लगेच बाहेर जात नाही. आधी ते गॉल्जी नावाच्या जागी जाते. एकावर एक रचलेल्या चपट्या पिशव्या, अशी ती जागा असते. प्रत्येक पिशवीत त्यावर काही संस्कार होतात: इथे साखरेचा एक कण छाटला, तिथे दुसरा जोडला. शेवटच्या पिशवीत पत्ता ठरतो आणि माल रवाना होतो. प्रश्न एवढाच की माल पहिल्या पिशवीपासून शेवटच्या पिशवीपर्यंत पोचतो कसा.

अनिमेष म्हणतात, पिशव्या जागच्या जागी असतात. संस्कार करणारी विकरे म्हणजे घाटांवरचे पुरोहित: संकठा घाटाचा पुरोहित संकठा घाटावर, पंचगंगेचा पंचगंगेवर. यात्रेकरूला डोंगीत, म्हणजे लहान होडीत, बसवून या घाटावरून त्या घाटावर न्यायचे. या डोंग्या म्हणजे पिशवीच्या कडेने सुटणारे बारीक बुडबुडे. मी म्हणते, पिशवीच पुढे सरकते. यात्रेकरू बजड्यात, म्हणजे मोठ्या नावेत, बसलेला असतो, बजडा पुढे जातो, आणि पुरोहितच आपापले काम उरकून डोंगीतून मागच्या बजड्याकडे परततात. मागे नवी पिशवी बनते, पुढची शेवटी विखरून जाते. यीस्टच्या पेशीत पिशवीने आतले पुरोहित बदललेले जगाने केव्हाच पाहिले आहेत. माणसाच्या पेशीत पिशव्यांची इतकी दाटी असते की मंगळा गौरीच्या गल्लीत श्रावणातल्या मंगळवारी कोण कुठे सरकले ते सांगावे, तसे होते.

शिवाय कोलॅजन. कातडी, हाडे, धमन्या ज्या दोरावर तग धरतात तो हा दोर. तो इतका लांब की साध्या डोंगीत मावतच नाही. अनिमेष म्हणतात, मोठ्या मालासाठी वेगळ्या मोठ्या डोंग्या असतील. असतीलही. जगात बुडबुडेही आहेत आणि पिशव्याही आहेत, आणि ते पूर्ण चूक आहेत असे मी मृत्युपत्रातही म्हणणार नाही. पण विभागाच्या सभेत त्यांनी मला विचारले होते, "शरदिनीजी, आपने नाव को चलते देखा है क्या?" आणि सगळे हसले होते.

आता देखा है. माझ्या पेशींत कोलॅजनची ही वाहतूक मंद आहे. ज्या दोषाने माझी धमनी पातळ झाली त्याच दोषाने हे झाले, असा आमचा अंदाज आहे. इतरांच्या पेशीत जे भर्रकन निघून जाते ते माझ्या पेशीत रेंगाळते, आणि रेंगाळते म्हणून दिसते. माझी विद्यार्थिनी ऋता हिने त्याचे चित्रण केले आहे. दोर पिशवीतच आहे, आधीच्या पुरोहितांना हिरवा रंग दिला, नंतरच्यांना लाल; पिशवी हिरव्याची लाल होते, म्हणजे आतले पुरोहित बदलतात, आणि दोर उतरतच नाही. असे पुन्हा पुन्हा दिसले पाहिजे, तोवर कुणी मानणार नाही, आणि मानू नयेच. त्यासाठी पेशी हव्यात. या पेशी थोड्या पिढ्या वाढतात आणि मग थकतात, म्हणून गोठवलेल्या कुपी हाच साठा. मी जिवंत राहिले तर दुसरा दंड आहे. नाही राहिले तर तेवढ्याच.

विभागाचा नियम असा: दाता वारल्यास त्याच्या पेशींचे काय करायचे ते जवळचा नातेवाईक ठरवील, आणि त्याने लेखी संमती दिली नाही तर त्या नष्ट होतील. नियम पाहणाऱ्या समितीचे अध्यक्ष अनिमेष. माझा जवळचा नातेवाईक दादा. माझ्या शस्त्रक्रियेची तारीख ठरताच अनिमेष फळांची टोपली घेऊन आमच्या खालच्या मजल्यावर आले. वहिनींनी साबुदाण्याची खिचडी केली, त्यांनी दोनदा घेतली, आणि दादाला म्हणाले, "पंडितजी, बहनजी का एक हिस्सा हमारे यहाँ जिंदा पड़ा रहेगा. आप लोगों में चलता है?"

चालत नाही. दादा वेदपाठशाळेत शिकवतो. त्याने क्षेत्रसंन्यास घेतला आहे, म्हणजे मरेपर्यंत काशीची हद्द ओलांडायची नाही. अनिमेष येऊन गेल्यापासून आमच्या जिन्यात रोज एकच वाद आहे.

"देहाचा भाग जिवंत राहिला तर मी दहावं कुणाचं करू?" तो खालून.

"केस कापून गंगेत टाकतोस तेव्हा त्यांचं दहावं करतोस का?" मी वरून.

"कापलेला केस वाढत नाही, शरू. तुझं ते वाढतं."

काल ऋताचा फोन आला. ती रेल्वे कॉलनीत वाढलेली, अर्धी मराठी अर्धी हिंदी बोलते. "मॅडम, सर बोले, टाकीची चाबी जमा कर दो. मी नाही दिली. म्हटलं, मॅडमना विचारून देते." मी तिला सांगितले, विचारलेस ना, आता देऊ नकोस. त्या किल्लीला माझ्यानंतर दादाच्या सहीशिवाय काही अर्थ नाही, हे तिला सांगितले नाही.

सबब, सर्व कुपी ऋताच्या ताब्यात राहाव्यात, आणि तिला हवे तोपर्यंत तिने त्यावर काम करावे, अशी माझी इच्छा आहे.

कलम ६. दादाच्या विचारार्थ. नातेवाइकाचा अधिकार दात्याच्या मृत्यूनंतर सुरू होतो. कुपीतल्या पेशी म्हणजे मी नव्हे, असे दादा म्हणत असेल, तर त्यांच्यामुळे माझी गती अडत नाही आणि त्या नष्ट करण्याचे कारण उरत नाही. त्या म्हणजे मीच, असे म्हणत असेल, तर त्या जिवंत आहेत, म्हणजे मी मेलेले नाही. मग त्याचा अधिकार सुरूच झालेला नाही आणि माझी संमती चालू आहे. शिवाय जिवंत बाईचे मृत्युपत्र उघडत नाहीत, तेव्हा मालविकेला वरचा मजला विसरावा लागेल. दोन्हीकडून दादाने सही करणे प्राप्त आहे.

इथवर लिहून मी दादाला वर बोलावले. पुढचे बोलणे जसे झाले तसे लिहिते. हा मसुदा तपासायला आलेले सुमंत वकील म्हणतात, मृत्युपत्रात संवाद लिहीत नाहीत. काय लिहू नये ते सांगायला त्यांना पैसे दिलेले नाहीत.

दादाने उभ्यानेच वाचले. मग खुर्ची ओढून पुन्हा वाचले.

"तर्क बिनचूक आहे," तो म्हणाला. "पाठशाळेत असतीस तर पोरांना रडवलं असतंस."

"मग कर सही."

"नाही करणार."

"का? फट दाखव."

"फट नाही. तू मला हरवायला बसली आहेस आणि मी वादात नव्हतोच."

माझे ठोके कानात ऐकू यायला लागले. साक्षीसाठी थांबलेल्या डॉक्टर आपटे कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "शरदिनीताई, हळू."

"मग रोज जिन्यात काय करत होतास?" मी विचारले.

"तू लखनौला चालली आहेस," तो म्हणाला.

"डॉक्टर चांगला आहे तिथला."

"असेल. लखनौ काशी नाही." त्याने कागद टेबलावर ठेवला आणि सरळ केला. "आजोबा म्हातारपणी राजघाटचा पूल ओलांडत नव्हते. पलीकडे प्राण गेला तर? आपल्या घरात बाहेर कुणी मेलेलं नाही, शरू. इथे मेला तो सुटला. अस्थी इथे आणून काय करू मी? त्या सगळं जग आणतं. आणि मला तुझ्याबरोबर येता येत नाही. शेवटी तुझ्या कानाशी बसून मंत्र म्हणायला तिथे कोणी नसेल. त्यात ते अनिमेषबाबू सांगून गेले की तू टाकीतही अडकून राहणार. म्हणजे ना तिथे ना इथे. म्हटलं, निदान एवढं तरी मोकळं करू."

मी पेनला टोपण लावले. अशी वेळ क्वचित येते, म्हणून नोंद करते.

मग त्यानेच विचारले, "ती टाकी आहे कुठे?"

"प्रयोगशाळेत. कुठे असणार?"

"पंचक्रोशीच्या आत?"

काशीक्षेत्राची हद्द पंचक्रोशीच्या रस्त्याने ठरते. मी म्हणाले, "आतच."

"आणि त्या आत्ता जिवंत आहेत."

"गोठलेल्या आहेत. ऊब दिली की पुन्हा चालू होतात."

"मग पाण्यात सोडल्या तर?"

"नदीच्या? फुगतील, फुटतील. लगेच मरतील."

"लगेच," तो म्हणाला. मग आपल्याशीच, "गंगेत. काशीत."

त्याने पेन मागितले. मला वाटले सही करतो आहे. त्याने कागद स्वतःकडे वळवून घेतला आणि लिहू लागला. मी डोकावले तर म्हणाला, "थांब जरा, तुझंच चाललंय."

कलम ७. (बंधू यज्ञेश्वर यांच्या हस्ताक्षरात.) माझी धाकटी बहीण चि. शरदिनी हिचे काशीक्षेत्राबाहेर काही बरेवाईट झाल्यास, चि. ऋता हिने एक कुपी जिवंत स्थितीत पंचगंगा घाटावर मजकडे आणून द्यावी. मी पाण्यात उभा राहून ती माझ्या हाताने गंगेत सोडीन. त्या वेळी, त्या ठिकाणी तिला मरण आले असे मी मानीन आणि पुढील सर्व कर्मे त्या तिथीस धरून करीन. उरलेल्या कुपी चि. ऋताने लागतील तितकी वर्षे वापराव्यात. ही माझी संमती समजावी. ती मी कुणी फळे घेऊन आले तरी मागे घेणार नाही. बहीण सुखरूप परत आल्यास हे कलम रद्द, आणि तिने मला जिन्यातून तर्क शिकवू नये.

"आणि उरलेल्या कुपींतली मी?" मी विचारले. "ती अडकली तर?"

"अस्थी वेचताना सगळ्या कोण वेचतं, शरू? थोड्या वेचायच्या. बाकीच्यांना त्यात धरतात."

सुमंत वकिलांनी हे वाचून चष्मा काढला. एका बाईला मृत्यूच्या दोन तारखा कशा असतील, असे ते म्हणाले. दादाने त्यांना सांगितले, कचेरीत तुमची लिहा, श्राद्धाला माझी.

माझ्या बाजूने या कलमाला एवढीच पुरवणी जोडते: ऋताने कुपी घाटावर आणून तिथेच, अंगाच्या उबेने वितळवावी, आधी नाही. गल्लीतून मोटार येत नाही, तेव्हा नायट्रोजनची लहान, हातात धरायची टाकी जपून आणावी आणि पायऱ्या उतरताना दादाचा हात धरावा. तो धरू देणार नाही, तरी धरावा.

कुपी हाताला फार गार लागेल, दचकू नकोस, असेही मी दादाला सांगितले. तो म्हणाला, डिसेंबरात गंगा काय ऊन असते का.

वरील सर्व मजकूर मी वाचला, कलम ७ दोनदा वाचले, ते मला मान्य आहे, आणि खालील दोन साक्षीदारांच्या देखत मी सही केली आहे. त्यांनीही माझ्या देखत केली. दोघांनाही यातून काही मिळत नाही.

सही: शरदिनी वामन पुणतांबेकर

साक्षीदार पहिला: यज्ञेश्वर वामन पुणतांबेकर, ब्रह्मा घाट. (कलम ७ माझे.)

साक्षीदार दुसरा: डॉ. विद्युल्लता आपटे. (सही करताना शरदिनीताई शुद्धीवर होत्या. नाडी जलद. यज्ञेश्वरशास्त्रींचीही.)

स्थळ: वाराणसी
दिनांक: ४ डिसेंबर २०२४