दुसऱ्या घावाला कावळे

४ ऑक्टोबर १९७८, बुध.
आजारी म्हणून शाळेत रजा टाकली आणि सांगलीहून दोस्त बाप्याच्या गावी आलो. चित्रकलेच्या मास्तरावाचून शाळेचं काही अडत नाही.
मुंबईची मंडळी बाप्याच्या उसात टीव्हीसाठी खुनाचा चित्रपट काढतायत. राहायला फुकट, जेवण तात्यांकडे (बाप्याचे वडील, रिटायर सुभेदार), म्हणून हे गाव. आमच्या नाटकमंडळातून दोघांना घेतलं. बाप्या खुनी, मी मेलेला.
गोष्ट वाचली. पन्नास मिनिटांत चार खून. एकाला गळा आवळून, एकाला विहिरीत, एकाला गोळी, शेवटी मी, कोयत्यानं. खुनी का मारतो हे कुठंच नाही. दिग्दर्शकाला विचारलं (इथून पुढं नुसता दि.). म्हणाला, "प्रेक्षकाला विचार करायला वेळच द्यायचा नाही."
छान.

५ ऑक्टो.
पहिला खून झाला. गळा आवळलेला माणूस मेल्यावर पोट वरखाली करत पडला होता. सांगितलं तर दि. म्हणतो, फिल्म मोजकी आहे, पुन्हा घेणार नाही. पिस्तूल पोरांचं, टिकल्यांचं. इन्स्पेक्टरची मिशी घामानं सुटली. तो नाकाखाली बोट दाबून सगळ्यांची उलटतपासणी करत होता.
आवाज टिपायचं यंत्रच आणलेलं नाही. बोलणं, किंकाळ्या, सगळं नंतर मुंबईत भरणार. आता आपण शिव्या दिल्या तरी चालतात. दिल्या.

७ ऑक्टो., शनि.
लाकडी कोयत्याला चंदेरी रंग मीच दिला होता. तालमीत पहिल्याच घावाला दोन तुकडे. मग तात्यांनी घरचा खरा कोयता काढला, दगडावर घासघासून धार बोथट केली, स्वतःच्या तळव्यावर ओढून दाखवला. "बगा मास्तर, दही बी कापायचं न्हाई." बाप्यानंही पात्यावरून अंगठा फिरवला. उसातला माणूस, धार बघितल्याशिवाय कोयता उचलतच नाही.
बाप्या माझ्याशी कामापुरतं बोलतोय. त्याच्या बहिणीच्या, कुसुमच्या स्थळाला मी वैशाखात नाही म्हणालो, तेव्हापासून हे असं. लहानपणापासूनची दोस्ती. मला चीड येते आणि वाईटही वाटतं.

८ ऑक्टो.
सबंध सकाळ कावळ्यांत गेली. बाभळीवरून कावळे एकदम उडालेले दि.ला हवेत. "खुनाच्या वेळी लावायला बरे पडतात." गडी ढेकळं मारून दमले. कावळे उडायचे, पण कॅमेरा बंद असताना. जेवणाच्या सुमारास एकदाचे मिळाले.

१० ऑक्टो., खंडेनवमी
शूटिंग बंद. घरोघरी हत्यारं-अवजारं धुऊन पुजायला मांडली. मी पूजेला गेलो नाही, परसात रक्त करत बसलो. टीव्हीवर रंग नसतात, त्यामुळे काकवी चालते. माशांनी जीव खाल्ला.
उद्या माझा खून. दि.नं दोघांना बजावलं, "मी थांबा म्हणेपर्यंत थांबायचं नाही. मरणारा काहीही ओरडो." वार खांद्याशेजारच्या केळीच्या खुंटावर करायचे, पण लांबून केलेले खोटे दिसतात, म्हणून अगदी लगत.

१९ ऑक्टो., मिरज, दवाखाना
डाव्या हातानं लिहितोय. अक्षर बालवाडीतलं.
दसऱ्याला सकाळी आधी काकवी फासून माझ्या प्रेताचं चित्रण उरकलं, अंग धुतलं, मग बाप्या उसातून आला. कोयत्याच्या मुठीला झेंडूची पाकळी चिकटली होती, एवढं दिसलं. पहिला घाव घसरून माझ्या उजव्या मनगटाच्या वर बसला. दुखलंच नाही, गार लागलं. हाड पांढरं दिसलं. मी ओरडलो, "बाप्या, धार हाय!" दि. ओरडत होता, "चालू ठेवा, छान!" आणि दुसरा घाव आला. अंगठ्याशेजारची दोन बोटं मातीत पडली. एक हलल्यासारखं वाटलं.
बाकी आठवत नाही.

२१ ऑक्टो.
तात्या आले. उशाशी उभेच राहिले. "आवं मास्तर, खंडेनवमीला बोथट हत्यार म्होरं ठेवून हळद-कुंकू कसं वाहायचं? हात शिवशिवला. मीच लावली धार. बाप्याला सांगायचं ऱ्हायलं." एवढा दोन लढाया बघितलेला माणूस, धोतराच्या सोग्यात तोंड घालून रडला.
पण बाप्यानं कोयता उचलताना अंगठा फिरवला नसेल?

२३ ऑक्टो.
चौकीचा हवालदार जबाब घ्यायला. "पयला घाव चुकून. मान्य. धार हाय म्हणून तुमी वरडल्याव दुसरा घातला, त्येला काय म्हनू? त्यानं ऐकलं व्हतं का?" मी म्हणालो, नीट आठवत नाही. "आठवलं की चौकीवर या. तवर कागद उघडा ठेवतो."
आठवतंय सगळं. बाप्याचं तोंड तेवढं आठवत नाही. माझी नजर कोयत्यावर होती.
आवाज टिपला असता तर माझा शब्द किती मोठा निघाला ते तरी कळलं असतं. आता चित्र तेवढं उरलं.

१२ नोव्हें.
बाप्या पहिल्यांदा आला. खाली मान. मी सरळ विचारलं, ऐकलंस का? म्हणाला, "तू वरडलास, दिन्या. काय वरडलास ते कळलं न्हाई. तुला वरडायचंच हुतं की रं." खरंच, मला ओरडायचंच होतं.
रागानं त्याला जा म्हणालो. गेल्यावर त्यानं आणलेली केळी भिंतीवर फेकली. डाव्या हातानं नेमही धड लागत नाही.

३ जाने. १९७९
फळ्यावर डाव्या हातानं कळशी काढली. पोरं हसली नाहीत. हसायला हवी होती.
दि.चं कार्ड. चित्रपट पुढच्या महिन्यात. "तुमचा प्रसंग फार जिवंत आला आहे." जाऊन त्याचा गळा आवळावासा वाटला. एका हातानं जमणार नाही.

१७ फेब्रु., शिरवळ
सांगलीत टीव्ही दिसत नाही. शिरवळला बाप्याच्या मामांकडे उंच अँटेना आहे, पुण्याचं धरतं. मीच बाप्याला म्हणालो, चल.
ओटा भरून माणसं. तीन खून झाले. प्रेताचं पोट हललं, मिशीवर बोट आलं, सगळे खिदळले. मग मी. बाप्या उसातून निघाला. पहिला घाव. माझं तोंड उघडलं, शब्द आहेत हे दिसतंय, पण वर कुणा परक्या बाईसारखी किंकाळी, तीही माझं तोंड मिटल्यावर. मामा म्हणाले, "लय खोटं वाटतंय गड्या. आसा कुटं कोयता लागतो व्हय?" ओटा हसला. मी खिशातला हात बाहेर काढला नाही.
पुढं सरकलो. आता दुसरा घाव. आता त्याचं तोंड.
बाभळीवरून कावळे उडाले. उडतच राहिले. ते संपले तेव्हा मी मेलेलो होतो आणि अंगावर काकवी होती.
माणसं पांगली. बाप्या पडद्याकडेच बघत बसलेला.
"हितं माझं तोंड दिसाय पायजे हुतं, दिन्या."
"का रं?"
"मलाबी बगायचं हुतं."
त्यानं माझी चादर अंथरली, उजवीकडची घडी स्वतःच सरळ केली. सकाळी एकाच एस.टी.नं परत जायचंय. चौकी रस्त्यातच लागते.